खाणावळवाल्या

1856 मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातले, घाटावरचे पुरुष बायकामुलं गावी ठेवून मुंबईला येऊ लागले. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायचं शेजारच्या बाईकडे. गिरणगावच्या इतिहासात संप येतात, शाहीर येतात. ही बाई राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी आजी त्यांतलीच, मालवणकडची. परक्या पुरुषांची पंगत वाढणं तिच्या माहेरी कुणाला सहन झालं नसतं. परळच्या चाळीत ती रोज वाढायची. पहिल्या पाळीसाठी पहाटेच भाकऱ्या, रात्रपाळीवाल्यांचं वेगळं. पैसे पगाराला मिळायचे. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर सावकाराकडे दागिना गहाण. हिशेबासाठी ती आकडे लिहायला शिकली.

1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा बायका स्वतःच्या नावाने कर्ज मागायला बँकेची पायरी चढल्या. घराबाहेर कधी सही न केलेल्या बायका!

1982 च्या गिरणी संपात पंगत ओस पडली. आजी मग कचेऱ्यांत डबे देऊ लागली. अनोळखी साहेबांशी दर तीच ठरवायची.