परवाना कोणाला? भारतीय किनारी वाहतुकीचा एक जुना वाद

एकाच देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल व उतारूंची जी ने-आण होते तिला किनारी वाहतूक म्हणतात. देशी जहाजे उपलब्ध असताना या वाहतुकीत परदेशी जहाजांना वाव द्यावा काय, हा वाद भारतात बराच जुना आहे. कंपनी सरकारने १८५० च्या पाचव्या कायद्यान्वये हिंदुस्थानचा किनारा सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला केला. पुढे आगबोटींच्या युगात या खुलेपणाचा मोठा लाभ ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने उठविला. सरकारी टपालाचे कंत्राटही तिच्याकडे होते.

देशी जहाजे नव्हती असे मात्र नाही. १९०५ साली मुस्लिम व्यापाऱ्यांनी चितगाव-रंगून मार्गासाठी बेंगॉल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असल्याने हा मार्ग किनारी वाहतुकीतच मोडत असे. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर स्वदेशी कंपनी उभारली. तिच्या भांडवलात हाजी महंमद बाकिर सेठ यांचा वाटा मोठा होता. हा मार्ग किनारी नव्हता, पण प्रतिस्पर्धी तोच होता आणि त्याचे हत्यारही तेच, दरयुद्ध. तुतिकोरीनला तिकिटाचे दर उतरत उतरत अखेर फुकट प्रवासापर्यंत गेले. दोन्ही कंपन्या काही वर्षांतच बुडाल्या.

१९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे पहिले जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले होते. कंपनीचे नावही त्यावरूनच पडले. ती तगली, परंतु १९२३ च्या करारान्वये तिला आपल्या जहाजांच्या टनभारावर मर्यादा स्वीकारावी लागली.

कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२४ मध्ये परवाना पद्धतीने किनारी वाहतूक भारतीयांकडे आणण्याची शिफारस केली. त्याच दिशेने सराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. टप्प्याटप्प्याने भारतीय मालकीच्या जहाजांनाच परवाने मिळावेत, असा त्याचा आशय होता. देशी जहाजे पुरेशी नाहीत, मक्तेदारी निर्माण होईल, हे विरोधकांचे आक्षेप होते. विधेयक तडीस गेले नाही. उलट १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यासच मनाई केली.

१९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर समितीने किनारी वाहतूक शंभर टक्के भारतीय जहाजांकडे असावी असे सुचविले. १९५० मध्ये ते धोरण अमलात आले. १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याच्या कलम ४०७ नुसार परदेशी जहाजांना नौवहन महासंचालकांच्या परवान्यावाचून किनारी वाहतूक करण्यास बंदी झाली. भारतीय जहाज उपलब्ध नसेल तरच असा परवाना द्यावा, हा प्रघात पडला.

२०१८ मध्ये आयात-निर्यातीच्या कंटेनरांची ने-आण, तसेच शेतमाल, मासळी व खते यांसाठी परदेशी जहाजांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. भारतीय मालाच्या कंटेनरांची कोलंबो व सिंगापूर येथे होणारी अदलाबदल भारतीय बंदरांत व्हावी, हा त्यामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. मात्र आपण जे कर भरतो ते परदेशी प्रतिस्पर्ध्यांना भरावे लागत नाहीत, हे भारतीय जहाजमालकांचे म्हणणेही तितकेच खरे आहे. २०२५ मध्ये संसदेने किनारी जहाजवाहतुकीसाठी स्वतंत्र कायदा संमत केला. त्यातही परदेशी जहाजांसाठी परवान्याचे तत्त्व कायम आहे.

अशा रीतीने वादाचा केंद्रबिंदू ‘उपलब्ध’ या एका शब्दावर येऊन ठेपतो. चितगावच्या व्यापाऱ्यांची जहाजे बंदरात उभी होती. ती धक्क्यावर उपलब्ध होती, दरांच्या झुंजीत मात्र टिकू शकली नाहीत. म्हणून परवाना देणाऱ्याने केवळ जहाजे मोजून भागत नाही. ती कोणत्या अटींवर पाण्यात टिकतात, हेही तपासणे अगत्याचे ठरते.