दोऱ्याचा ताण : शिलाई मशीन, त्याची दुरुस्ती आणि नवी मुंबई

शिलाई मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा रिळावरून सुईत येतो, खालचा दोरा कापडाखाली बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर उचलली की तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. बॉबिनपाशी फिरणाऱ्या शटल या भागाचे टोक या फाशात शिरते आणि त्याला बॉबिनभोवती फिरवून आणते. दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात आणि टेक-अप लिव्हर वरचा दोरा खेचून टाका आवळतो. ही अडक कापडाच्या थरांमध्ये बरोबर मधोमध बसली, तर टीप वरून आणि खालून सारखीच दिसते. दोन्ही दोऱ्यांच्या ताणाचे प्रमाण बिघडले की ती वर किंवा खाली सरकते. मग टीप लोंबते, आवळते, उसवते. हे प्रमाण राखणाऱ्या यंत्रणेला कारागीर ‘टेन्शन’ म्हणतात. दोन चकत्या, एक स्प्रिंग आणि एक नट एवढाच तिचा वरचा भाग. मात्र शिवणकामाच्या आधुनिक इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

मशीन येण्यापूर्वी हा ताण शिंप्याच्या बोटांत होता. धावदोरा, हातटीप, तुरपाई यांपैकी कोणताही टाका घालताना दोरा किती ओढायचा हे हाताला कळत असे आणि कापड बदलले की हात आपोआप सैल किंवा घट्ट होई. महाराष्ट्रात शिंपी समाजाने हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जपले. संत नामदेवांचा जन्म याच समाजातला. टाका यंत्राने घालायचा तर बोटांचा हा अंदाज धातूच्या एखाद्या भागात उतरवणे आवश्यक होते.

पहिल्या यंत्रांपुढे हा प्रश्न पूर्णपणे उभा राहिला नाही. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए याने 1830 मध्ये पेटंट घेतलेले यंत्र एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालत असे. त्यात दोन दोऱ्यांचा मेळ घालायचा नव्हता, पण दोऱ्याचे टोक सुटले की सगळी शिवण उसवत जाई. अमेरिकेत इलायस हौ याने 10 सप्टेंबर 1846 रोजी टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि शटल यांच्या जोडीचे पेटंट मिळवले. दोन दोऱ्यांची पक्की टीप व्यवहारात आली आणि तिच्याबरोबर ताणाचा प्रश्नही आला. 1851 मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे 1879 च्या सुमारास फिलिप डील याच्या रचनेतून झुलत्या शटलचे मशीन तयार झाले. त्यातले शटल पूर्ण फेरी न घेता अर्धवट वळून परत येते. गोल बॉबिन, तिची धातूची केस आणि केसवरची पातळ पट्टीची स्प्रिंग अशी त्याची खालची बाजू होती. ‘15’ या क्रमांकाने ओळखला जाणारा सिंगरचा वर्ग याच रचनेतून वाढला. भारतातल्या घराघरांत दिसणारे काळे मशीन बहुतांशी याच वर्गाचे किंवा त्याच्या नकलेचे असते.

मुंबईत ही यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. सिंगर कंपनीचा भारतातील कारभार त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. हप्त्याने विक्री हे सिंगरचे जगभरचे धोरण. त्यामुळे एकरकमी पैसे नसलेल्या शिंप्यालाही मशीन घेता आले. स्कॉटलंडमधील क्लाईडबँकजवळच्या किलबोवी कारखान्यातून मशीने बोटीने येत. ‘15के’ किंवा ‘28के’ यांतला ‘के’ हे त्या कारखान्याचे चिन्ह. 28 या वर्गात गोल बॉबिनऐवजी निमुळते लांबट शटल असते आणि खालच्या दोऱ्याचा ताण त्या शटलवरच्या स्क्रूने बदलतो. हाताने फिरवायची ही छोटी मशीने अजूनही जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडतात.

महाराष्ट्रात मशीनचा प्रसार स्त्रीशिक्षणाच्या हातात हात घालून झाला. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तिथे स्त्रियांना शिवणकाम शिकवले जाऊ लागले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या कमाईवर जगता यावे हा अशा वर्गांमागचा हेतू होता. यंत्रांविषयी कठोर मते मांडणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये एका संवादात शिवणयंत्राला अपवाद केला. श्रम वाचवूनही माणसाला बेकार न करणारे यंत्र म्हणून त्यांनी सिंगरच्या मशीनचे नाव घेतले होते. घरात मशीन असणे हे पुढे मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे लक्षण झाले आणि अडचणीच्या काळात तेच मशीन संसाराचा आधार ठरले.

1935 मध्ये कलकत्त्यात बिशनदास बेसिल यांनी ‘उषा’ मशीन तयार केले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी उत्पादन वाढले. लुधियाना हे मशीनचे आणि सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. देशी मशीनचा साचा मुख्यतः सिंगरच्या 15 वर्गाचाच राहिला. याचा दुरुस्तीच्या दृष्टीने मोठा फायदा झाला. चकत्या, स्प्रिंग, बॉबिन केस, शटल हे भाग एका मापाचे असल्याने परदेशी मशीनचा निकामी भाग देशी भागाने बदलता येऊ लागला. शंभर वर्षांचे मशीन आजही चालू शकते, त्यामागे या समान मापांचा मोठा वाटा आहे.

नवी मुंबईचा इतिहास या कथेत उशिरा येतो. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्याआधी या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. आगरी आणि कोळी ही तिथली प्रमुख वस्ती. 1973 मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला, 1992 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलले, त्यांच्यामागून माथाडी कामगारांची कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत स्थायिक झाली. मुंबईच्या चाळींतून निघालेल्या अशा संसारांबरोबर शिलाई मशीनही खाडी ओलांडून आले. छोट्या घरांत ब्लाउज, परकर आणि फॉल-पिकोची कामे सुरू झाली. शहराच्या प्रत्येक नोडच्या, म्हणजे उपनगराच्या, बाजारपेठेत शिंप्यांची दुकाने आली आणि शाळा उघडण्याच्या वेळी गणवेशांची, गणपती ते दिवाळी नव्या कपड्यांची घाई सुरू झाली.

खाडीकाठच्या या हवेचा मशीनवर थेट परिणाम होतो. दमट आणि खारट वाऱ्याने लोखंडाला गंज लवकर धरतो. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या मशीनच्या चकत्यांमध्ये गंजाचे ठिपके येतात. त्यांवरून दोरा सरळ घसरत नाही, थांबत थांबत ओढला जातो आणि एकाच टिपेत काही टाके घट्ट, काही सैल पडतात. भर म्हणून पुष्कळ घरांत मशीनला खोबरेल किंवा खाण्याचे तेल दिले जाते. ते कालांतराने चिकट होऊन वाळते, त्यात कापडाचे तंतू रुततात आणि शटलची हालचाल जड होते. मशीनचे पातळ खनिज तेल असे जमत नाही. चिकटलेले जुने तेल कारागीर रॉकेलने धुऊन काढतात आणि मगच नवे तेल देतात.

बदललेल्या दोऱ्यानेही जुन्या यंत्रांपुढे अडचण निर्माण केली. ही मशीने सुती दोऱ्यासाठी घडवलेली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर दोरा सर्वत्र पसरला. तो अधिक गुळगुळीत आणि लवचिक असल्याने चकत्यांमधून सहज सरकतो, ताणला की लांबतो आणि टाका पडल्यावर आखडतो. त्यामुळे सुती दोऱ्यावर व्यवस्थित चालणारी जुळणी पॉलिएस्टरवर शिवण चुरगळवू शकते. वर एका जातीचा आणि खाली दुसऱ्या जातीचा दोरा असेल, तर टीप जुळवणे आणखी कठीण होते.

दोष ओळखण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. वर एका रंगाचा आणि खाली वेगळ्या रंगाचा, पण एकाच जातीचा दोरा घेऊन दुहेरी कापडाच्या तुकड्यावर टीप मारावी. वरच्या दोऱ्याचे फास कापडाखाली दिसले, तर वरचा ताण कमी आहे किंवा खालचा जास्त. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसले, तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा कमी. कापडाखाली दोऱ्याचा मोठा गुंता झाला की अनेकांना बॉबिनचा दोष वाटतो. प्रत्यक्षात कारण बहुतेक वेळा वर असते : दोरा चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. कापड दाबून धरणारा मशीनचा फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, म्हणून दोरा नेहमी फूट उचलून ओवावा.

दुरुस्तीचाही क्रम ठरलेला आहे आणि तो सोप्याकडून अवघडाकडे जातो. प्रथम दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवावा. मग सुई बदलावी. वाकलेली किंवा बोथट सुई टाका चुकवते आणि तो दोष ताणाचा वाटतो. सुईची चपटी बाजू कोणत्या दिशेला ठेवायची हे मॉडेलप्रमाणे बदलते. सुईवरच्या लांब खाचेच्या बाजूने दोरा आत जातो, हे लक्षात ठेवले की चूक होत नाही. तिसरी पायरी स्वच्छतेची. चकत्यांमधून स्वच्छ कापडाची पातळ पट्टी फिरवावी, बॉबिन केसच्या स्प्रिंगखाली अडकलेले तंतू काढावेत. बॉबिन सारखी गुंडाळली आहे का आणि केसमध्ये योग्य दिशेने बसली आहे का, तेही पाहावे. इतके झाल्यावर बहुतेक मशीने रुळावर येतात.

त्यानंतरच नटाला हात लावावा. वरचा नट उजवीकडे फिरवला की ताण वाढतो, डावीकडे फिरवला की कमी होतो. चकत्यांजवळची तारेची छोटी स्प्रिंगही तपासावी. सुई कापडात शिरेपर्यंत दोऱ्याची ढील सांभाळणे हे तिचे काम. ती तुटली किंवा वाकली, तर नट कितीही फिरवला तरी टीप सुधारत नाही. खालचा ताण सर्वांत शेवटी बदलायचा. बॉबिन भरलेली केस दोऱ्याने धरून लोंबकळत ठेवावी. ती आपोआप खाली सरकू नये आणि हाताला हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबावी. स्क्रू फिरवायचा तर एका वेळी पाव फेरीहून कमी. शटलच्या टोकावर ओरखडा असेल आणि दोरा तिथे अडकत असेल, तर अतिशय बारीक पॉलिश कागदाने तो घासून काढतात. शटल आणि सुईची वेळ चुकली असेल, तर ते काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे.

हा क्रम उलटा केला की नुकसान होते. टीप बिघडल्याबरोबर खालचा स्क्रू पिळण्याच्या सवयीने चांगल्या मशीनच्या कित्येक केस निकामी झाल्या आहेत. ही समज छापील पुस्तिकेपेक्षा उस्तादाच्या हाताखाली जास्त पसरली. मोटरवर धावणाऱ्या वेगवान मशीनच्या काळात जुनी मशीने दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत आणि घर बदलताना काळे मशीन वजनाच्या भावाने भंगारात जाते. वाशी, नेरूळ किंवा पनवेलच्या एखाद्या घरात असे मशीन पडून असेल, तर ते देऊन टाकण्यापूर्वी एकदा स्वच्छ करावे, नवी सुई लावावी, दोरा नीट ओवावा आणि एक टीप मारून पाहावी. वापरात राहिलेल्या मशीनबरोबरच दुरुस्तीची ही विद्याही टिकेल.