तेरा मिनिटांचा वाद

इ. स. ९२२ सालीं वल्हांडणाचा सण कोणत्या दिवशीं पाळावा, याविषयीं ज्यू लोकांत मोठी फूट पडली. पॅलेस्टाइनांतील बेन मेईर यानें रविवार सांगितला. बाबिलोनच्या विद्यापीठांनीं मंगळवार. त्या सणांत खमिराची भाकरी खाणें हें महत्पाप, तेव्हां एकाच धर्माचीं माणसें एकमेकांस पातकी म्हणूं लागलीं. आणि हें सर्व कशापायीं? तर तेरा मिनिटांपायीं!

हिब्रू पंचांग आमच्या पंचांगाप्रमाणेंच चांद्रसौर आहे. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. मात्र आमच्याप्रमाणें ते सूर्यसंक्रांतीवरून ठरत नसून ठराविक वर्षीं अदार महिन्यांतच पडतात. तासाचे १०८० भाग कल्पून चांद्रमास २९ दिवस, १२ तास व ७९३ भागांचा धरतात. तिश्री महिन्याची मध्यम अमावास्या मध्यान्हीं किंवा त्यानंतर आली, तर वर्षारंभ पुढें ढकलावयाचा. आणि तो रविवारीं, बुधवारीं वा शुक्रवारीं तर कधींच करावयाचा नाहीं. इ. स. ९२३ ची ही अमावास्या शनिवारीं मध्यान्हानंतर २३७ भागांनीं येत होती. बेन मेईर आपली मर्यादा ६४२ भाग पुढें धरी. त्याला शनिवार चालला. बाबिलोनकरांस रविवार वर्ज्य, म्हणून त्यांचा सोमवार. हा दोन दिवसांचा फरक मागें मागें सरत आदल्या वर्षाच्या वल्हांडणापर्यंत पोंचला. सादिया या पंडितानें बाबिलोनची बाजू घेतली, व अखेर तीच टिकली.

आज हें गणित संगणक करतो. डर्शोविट्झ व रेइनगोल्ड यांनीं १९९० सालीं त्याची रीत प्रसिद्ध केली: हिब्रू तारखेवरून आधीं दिवसांची एकूण संख्या काढावयाची, व तिच्यावरून ग्रेगोरियन तारीख. आमच्या ज्योतिषांचा अहर्गण तो हाच! यांत दशांश अपूर्णांक वापरणें धोक्याचें. मध्यान्हाच्या सीमेवर एका भागाची चूक झाली तरी सबंध वर्षारंभ सरकतो. म्हणून जाणता मनुष्य सारें पूर्णांकांतच मोजतो.

परंतु एक गोष्ट यंत्रास सांगितल्यावांचून कळत नाहीं. हिब्रू दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, आणि आईबापांची पुण्यतिथि हिब्रू तिथीनेंच पाळतात. १४ मे १९४८ रोजीं दुपारीं कोणी वारलें असेल, तर तिथि ५ इय्यार ५७०८. रात्रीं वारलें असेल, तर ६ इय्यार. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ नसेल, तर घरांतील एखाद्या वृद्धेस विचारावें लागतें, कीं त्या वेळीं दिवेलागण झाली होती काय.