‘जैसे थे’ जतनाची कुळकथा

संरक्षित किल्ल्याचा बुरूज ढासळू लागला की पुरातत्त्व खाते त्याचे सांधे भरते, लागला तर टेकू देते. पडून गेलेला भाग अंदाजाने नव्याने बांधणे मात्र टाळते. हा शिरस्ता इंग्लंडातून आला. तिथे एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चना ‘मूळ’ मध्ययुगीन रूप देण्याच्या हौसेपायी मधल्या शतकांचे काम खरवडून काढले जात होते. कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्ये या प्रकारावर कडाडून टीका केली. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. डागडुजी वेळेवर करा, पण काळाच्या खुणा पुसू नका, हा तिचा आग्रह.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत हा विचार भारतात सरकारी झाला. १९०२ मध्ये जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा आला. मार्शल यांच्या १९२३च्या नियमपुस्तिकेत अर्धवट झिजलेले जुने काम सफाईदार नव्या कामाहून मोलाचे ठरले.

इथली रीत नेमकी उलटी होती. भंगलेली मूर्ती विसर्जित करायची, जुने देऊळ उतरवून नवे उभारायचे, आणि हे पुण्यकर्म मानायचे. वेरूळचे घृष्णेश्वर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी असेच नव्याने बांधले. दगडापेक्षा पूजा अखंड राहणे महत्त्वाचे. मार्शलना याची जाण होती. नांदत्या देवळा-मशिदींसाठी त्यांनी नियमात थोडी सूट ठेवली. खात्याने नियम जितका घट्ट धरला, तितकी सूट मात्र धरली नाही.

बाहेरून नुसते विचारच आले असे नाही, हातही आले. अजिंठा निजामाच्या मुलुखात होते. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना तिथे बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला धरवला, हे काम टिकले. पण चित्रांवर चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, त्याखाली रंग झाकोळले. तो उतरवण्यात भारतीय रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षे गेली.

स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने जुन्या नियमाला जागतिक वजन दिले. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा येथील दस्तऐवजाने मात्र अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीने आपल्या संदर्भात ठरवावी, असे मांडले. म्हणजे देशी रीतीला प्रतिष्ठा मिळायलाही बाहेरचेच दार उघडावे लागले. २००४ मध्ये वारसा-जतनाचे काम करणाऱ्या ‘इंटॅक’ या भारतीय संस्थेने आपल्या सनदेत जीर्णोद्धाराची परंपरा आणि परंपरागत कारागिरांचे ज्ञान मान्य केले. २०१४च्या राष्ट्रीय जतन धोरणात पुरातत्त्व खात्यानेही पारंपरिक कारागिरांना जागा दिली.