कागदामुळे वाचलेला खेळ

आजच्या संगणकीय खेळांत रंग, आवाज आणि हलती चित्रे यांची रेलचेल असते. तरीही नुसत्या अक्षरांच्या जुन्या खेळांची आठवण अनेकजण जिव्हाळ्याने काढतात. ही केवळ गेलेल्या दिवसांची ओढ आहे, की त्या खेळांत खरोखरच काही होते? एका खेळाचा इतिहास पाहून आपण याचे उत्तर शोधू.

१९७१ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे डॉन राविच हा विद्यार्थी-शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून पश्चिमेला ऑरेगॉनकडे गेली. तो प्रवास मुलांना उमगावा म्हणून त्याने नकाशा, पत्ते आणि फासे यांचा खेळ योजला. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या गणित शिकवणाऱ्या मित्रांनी तो संगणकावर आणायचे सुचवले. सुमारे दोन आठवड्यांत बेसिक भाषेतील आज्ञावली तयार झाली आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी 'ऑरेगॉन ट्रेल' वर्गात आला.

वर्गात संगणक नव्हता, पडदाही नव्हता. होता फक्त एक टेलिप्रिंटर, दूरच्या संगणकाला टेलिफोनच्या तारेने जोडलेला. संगणक कागदावर प्रश्न छापी, मुले उत्तर टंकित करीत. पुढे प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत पाच जणांच्या कुटुंबाला २०४० मैल जायचे असे. गाडी घेतल्यावर ७०० डॉलर उरत. त्यांतून बैल, अन्न, कपडे, काडतुसे किती घ्यायची? शिकार करायची तर 'बँग' हा शब्द झटपट आणि अचूक टंकित करावा लागे. मग मुलांनी कामे वाटून घेतली: एक टंकलेखक, एक नकाशा पाहणारा, एक हिशेबनीस.

वादळ, आजार, गाडी मोडणे हे सारे संगणक 'फासे टाकून' ठरवी. म्हणजे एक यादृच्छिक संख्या काढायची आणि ती ठरलेल्या मर्यादेत आली तर संकट कोसळायचे.

सत्र संपल्यावर आज्ञावली संगणकातून पुसली गेली. उरली ती राविचजवळची छापील प्रत. १९७४ मध्ये मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत काम करताना त्याने ती ओळीओळीने पुन्हा टंकित केली. प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून संकटांची शक्यताही सुधारली. १९७८ मध्ये सारी आज्ञावली एका मासिकात छापली गेली. चित्रांची प्रसिद्ध आवृत्ती आली ती १९८५ साली.

आमच्या मते या खेळांचे मोल इथेच आहे. नियम साध्या अक्षरांत लिहिलेले होते. वाचता येत, तपासता येत, बदलताही येत. अर्थात त्यातील दोषही तसेच दिसतात. ज्यांच्या भूमीतून गाड्या गेल्या ते मूळ रहिवासी या खेळात कडेलाच राहतात. इतिहास कोणाच्या नजरेतून सांगितला, हा प्रश्न आज्ञावलीलाही विचारायला हवा.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. गावातील जुन्या दुष्काळाची किंवा स्थलांतराची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवावी, फळ्यावर नियम मांडावेत आणि फासे टाकून खेळावे. कोणत्या संकटाला किती शक्यता द्यायची, यावर वर्गात वाद होईल. तो वाद म्हणजेच इतिहासाचा अभ्यास.