इतिहास सप्ताह कोणी जपला? अमेरिकेतील दोन शिक्षक संघटनांच्या विलीनीकरणाची कथा

१/ १९३३ सालची गोष्ट. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील वेबस्टर पॅरिश या परगण्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा होती. तेथे टेसी मॅक्गी नावाच्या तरुण शिक्षिका इतिहास शिकवत. मेजावर वरून ठरवून आलेला पाठ्यक्रम उघडा असे. मांडीवर मात्र निराळेच पुस्तक असे.

२/ ते पुस्तक कार्टर वुडसन यांचे होते. मॅक्गी त्यातून मुलांना वाचून दाखवत. मुख्याध्यापक वर्गात आले की त्यांची नजर मेजावरच्या पाठ्यक्रमावर जाई. ते गेले की पुन्हा मांडीवर उतरे. हा प्रसंग पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या आठवणीतून जगासमोर आला.

३/ ज्या शिक्षकांनी हा इतिहास असा चोरून शिकवला, त्यांची स्वतःची एक देशव्यापी संघटना होती. १९६६ साली ती दुसऱ्या, कितीतरी मोठ्या संघटनेत विलीन झाली. त्यांच्या परंपरा जपण्याचे वचन देण्यात आले. त्या वचनाचे पुढे काय झाले आणि त्यावर कोणता वाद पेटला, याचा हा धागा.

४/ आधी वुडसन यांच्याविषयी. गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचा हा मुलगा तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबला. पुढे त्याने १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. १९१५ साली कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था त्यांनी स्थापन केली आणि १९१६ साली तिचे नियतकालिक सुरू केले.

५/ मराठी वाचकाला येथे एक दुवा आठवेल. जोतीराव फुले यांनी १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात त्यांनी दाखवलेल्या उदारतेबद्दल. पुण्यात असा गौरव झाला, त्यानंतर अर्ध्या शतकाने अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांत काय होते?

६/ बहुतेक पुस्तकांत गुलाम हे समाधानी सेवक होते आणि त्यांना मिळालेला मताधिकार ही एक घोडचूक होती. वुडसन यांचे म्हणणे असे की, ज्या मुलाला आपल्या पूर्वजांनी काहीच केले नाही असे शिकवले जाते, त्याला मागच्या दाराने जा असे सांगावे लागत नाही. तो आपण होऊन तिकडे वळतो.

७/ यावर उपाय म्हणून फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी ‘निग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला. (तेव्हा हाच शब्द रूढ होता, आज तो वापरत नाहीत.) १२ फेब्रुवारी हा लिंकन यांचा जन्मदिन आणि १४ फेब्रुवारीला फ्रेडरिक डग्लस यांची जयंती होत असे. हे दोन्ही दिवस कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच पाळत होता. म्हणून तो आठवडा निवडला.

८/ हा सप्ताह देशभर पोहोचवणार कोण? सरकार नव्हे. पहिल्या वर्षी तीन राज्यांच्या शिक्षण खात्यांनी आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन या शहरांनी त्याची दखल घेतली, एवढेच. खरे बळ कृष्णवर्णीय शिक्षकांचे होते. वुडसन यांच्या संस्थेकडून चित्रे, पाठ आणि नाटुकली येत. शाळाशाळांत ती उभी करणारे हात शिक्षकांचे असत.

९/ हे शिक्षक संघटित होते. १९०४ साली नॅशव्हिल येथे त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. १९३७ पासून ती अमेरिकन टीचर्स असोसिएशन, म्हणजे एटीए, या नावाने ओळखली गेली. १९२० च्या दशकात तिच्या अध्यक्षपदी असलेल्या मेरी मॅक्लिओड बेथ्यून याच पुढे १९३६ मध्ये वुडसन यांच्या इतिहास संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. दोन्हीकडची माणसे बहुधा तीच होती.

१०/ वेगळी संघटना का लागली? नॅशनल एज्युकेशन असोसिएशन, म्हणजे एनईए, ही देशातील सर्वांत मोठी शिक्षक संघटना. राष्ट्रीय पातळीवर तिचे सदस्यत्व सर्वांना खुले होते. परंतु दक्षिणेतील तिच्या राज्यशाखा केवळ गोऱ्यांच्या होत्या. त्यामुळे तेथे प्रत्येक राज्यात दोन संघटना नांदत: एक गोऱ्या शिक्षकांची, दुसरी कृष्णवर्णीयांची.

११/ या दुसऱ्या संघटनांचे काम केवळ सप्ताहापुरते नव्हते. समान कामासाठी कृष्णवर्णीय शिक्षकाला कमी पगार मिळे. व्हर्जिनियातील नॉरफोक येथील मेल्विन ऑल्स्टन या शिक्षकाने त्याविरुद्ध दावा लावला. थर्गुड मार्शल त्यांच्या वकिलांपैकी होते. १९४० साली अपील न्यायालयाने वर्णावरून पगारात भेद करणे घटनाविरोधी ठरवले.

१२/ या लढ्याची किंमतही जबर होती. फ्लोरिडातील शिक्षक हॅरी मूर समान पगारासाठी आणि मताधिकारासाठी झटत. १९४६ साली त्यांची व त्यांच्या पत्नी हॅरिएट यांची नोकरी गेली. १९५१ च्या नाताळच्या रात्री त्यांच्या घराखाली बाँबस्फोट झाला. त्यात हॅरी यांचा मृत्यू झाला. नऊ दिवसांनी हॅरिएटही गेल्या.

१३/ १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. विजय मोठा होता. पण एकत्रीकरण म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार गोऱ्यांच्या शिक्षण मंडळांकडेच राहिला. त्यांनी गोऱ्यांच्या शाळा ठेवल्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या. विद्यार्थी नव्या शाळेत गेले. त्यांच्या शिक्षकांना मात्र तेथे जागा नव्हती.

१४/ अभ्यासकांत रूढ असलेल्या एका अंदाजानुसार, १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतील व सीमेवरील १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीस मुकले. साउथ कॅरोलायनातील सेप्टिमा क्लार्क यांना १९५६ साली घरी बसवण्यात आले. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे सदस्यत्व सोडले नाही.

१५/ शिक्षकांच्या मोठ्या संघटनांनी या काळात काय केले? अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स, म्हणजे एएफटी, ही एनईएची प्रतिस्पर्धी. तिने १९५० च्या दशकातच वर्णभेदी शाखांना बाहेरची वाट दाखवली आणि त्यापायी हजारो सदस्य गमावले. एनईए मात्र दक्षिणेतील सदस्य दुरावतील या भीतीने दीर्घकाळ मोघम ठरावांवरच थांबली.

१६/ अखेर १९६४ साली सिएटल येथील अधिवेशनात एनईएने राज्यशाखांना बजावले: १ जुलै १९६६ पर्यंत सदस्यत्वावरील वांशिक निर्बंध काढा. त्या वेळी ११ राज्यांत दुहेरी संघटना होत्या. आणि १९६६ च्या उन्हाळ्यात, मायामी बीच येथे, एनईए व एटीए यांच्या अध्यक्षांनी विलीनीकरणाच्या करारावर सह्या केल्या. हॅरी मूर यांना मारले गेले, त्याच फ्लोरिडा राज्यात.

१७/ करारात एटीएच्या वारशाचा मान राखला गेला. मानवी व नागरी हक्कांसाठी झटणाऱ्यांचा सत्कार करणारा एटीएचा वार्षिक भोजन समारंभ एनईएने पुढे चालवायचा, असे ठरले. तो चालू राहिला. त्यातील एक पुरस्कार कार्टर वुडसन यांच्या नावाचा आहे. थेल्मा पेरी यांनी लिहिलेला एटीएचा इतिहासही १९७५ साली एनईएने प्रसिद्ध केला.

१८/ कागदावर सारे काही आले होते: सत्कार, पुरस्कार, ग्रंथ. तरीही अनेक कृष्णवर्णीय शिक्षक अस्वस्थ होते. राज्याराज्यांत ‘विलीनीकरण’ झाले, तेव्हा बहुतेक ठिकाणी गोऱ्या संघटनेचा कार्यकारी सचिव सचिवच राहिला आणि कृष्णवर्णीय संघटनेचा सचिव त्याचा सहायक झाला. मतदानात बहुमत गोऱ्यांचे. मग आपला माणूस निवडून येणार कसा?

१९/ येथून खरा वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे: भेद संपवायचा तर वर्णाची नोंदच नको; एक सदस्य, एक मत, एवढे पुरे. दुसरा पक्ष म्हणे: साठ वर्षे आम्ही स्वतःची संस्था चालवली. ती मोडून तुमच्याकडे येतो आहोत, तर निर्णयाच्या खुर्चीवर बसण्याची हमी हवी. नाहीतर उरेल तो केवळ वार्षिक समारंभ.

२०/ दोन्ही बाजूंना वजन होते. १९६८ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कून्ट्झ एनईएच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या, तेव्हा पहिला पक्ष म्हणू शकत होता: पाहा, दार उघडे आहे. पण त्याच वर्षी, त्याच राज्यातील हाइड परगण्यात कृष्णवर्णीय पालक आपल्या मुलांना शाळेत पाठवायला नकार देत होते.

२१/ कारण एकत्रीकरणाच्या नावाखाली त्यांच्या दोन्ही जुन्या शाळा बंद होणार होत्या. एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष बहिष्कार चालला. या पालकांना वर्णभेद हवा नव्हता. त्यांना आपल्या आजोबांनी उभारलेल्या शाळा, तेथले शिक्षक आणि तेथल्या आठवणी पुसल्या जायला नको होत्या. शेवटी त्या शाळा वाचल्या. इतरत्र असंख्य शाळा वाचल्या नाहीत.

२२/ मिसिसिपी आणि लुइझियाना येथे तर गाडे पुरतेच अडले. प्रतिनिधित्वाची हमी देणाऱ्या अटी तेथील गोऱ्या संघटनांना मान्य झाल्या नाहीत. १९७० साली एनईएने या दोन्ही गोऱ्या राज्यशाखांशी संबंध तोडले. मिसिसिपीत विलीनीकरण व्हायला १९७६ उजाडले. टेसी मॅक्गी यांच्या लुइझियानात १९७७.

२३/ दरम्यान एनईएने आपली घटना नव्याने लिहिली. १९७० च्या दशकाच्या मध्यास लागू झालेल्या या घटनेत संचालक मंडळ व समित्यांमध्ये अल्पसंख्याकांसाठी किमान २० टक्के वाटा ठेवला गेला. ‘राखीव जागा’ हा शब्द मराठी कानाला ओळखीचा आहे. अमेरिकेतील श्रमिक चळवळीत मात्र तो स्फोटक ठरला.

२४/ त्याच सुमारास एनईए व एएफटी यांच्या एकीकरणाच्या वाटाघाटी चालू होत्या. १९७४ साली त्या फिसकटल्या. त्यामागे कामगार महासंघाशी संलग्नता आणि गुप्त मतदान हे मुद्दे होते, तसाच राखीव जागांचाही होता. एएफटीचे नेते अल्बर्ट शँकर यांनी अशा कोट्याला कडाडून विरोध केला. भेदाविरुद्ध आधी उभी राहिलेली संघटना आता हमीच्या विरोधात होती.

२५/ प्रकरण न्यायालयातही गेले. इलिनॉयमधील एनईएच्या राज्यशाखेने अल्पसंख्याकांसाठी काही पदे राखली होती. १९८२ साली संघीय अपील न्यायालयाने ती तरतूद कामगार संघटनांच्या निवडणूक कायद्याशी विसंगत ठरवली. पदासाठी उभे राहण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे; वर्णाची अट ही वाजवी पात्रता होऊ शकत नाही, असा निर्णयाचा आशय.

२६/ स्मरणोत्सवांचा प्रवास मात्र निर्वेध झाला. १९७० साली ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सप्ताहाचा महिना झाला. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. आज फेब्रुवारी आला की शाळांच्या भिंतींवर चित्रे लागतात. उत्सव वाढत गेला आणि त्याच काळात तो वाहून नेणारे शिक्षक कमी झाले.

२७/ वुडसन हे सारे पाहायला नव्हते; १९५० सालीच त्यांचे निधन झाले. सप्ताह हा त्यांच्या लेखी वर्षभराच्या अभ्यासाचा आढावा होता. पुढे इतिहासाचे वर्षच व्हावे, असे ते म्हणत. सात दिवस पताका लावून उरलेले वर्ष जुनेच पाठ शिकवावे, हे त्यांना अभिप्रेत नव्हते.

२८/ म्हणून या वादाकडे ‘समारंभ हवा की नको’ अशा प्रश्नाने पाहणे अपुरे आहे. १९६६ च्या करारात समारंभाला कोणाचाच विरोध नव्हता. तो देणे स्वस्त होते. झगडा झाला तो नोकरीवर, सचिवपदावर, समितीतील जागांवर. कारण वर्गात कोणते पुस्तक उघडायचे हे तेथेच ठरते.

२९/ हमीच्या विरोधकांचा प्रश्नही अजून सुटलेला नाही: वर्णाच्या आधारे राखलेली जागा भेद संपवते की तो लांबवते? अमेरिकेतील न्यायालये आणि संघटना आजही त्यावर भांडत आहेत. या भांडणात उतरताना १९६६ पूर्वीची साठ वर्षे विसरली, तर अर्धाच हिशेब हाती लागतो.

३०/ टेसी मॅक्गी यांना कोणत्याही ठरावाने संरक्षण दिले नव्हते. त्यांच्याजवळ वुडसन यांचे पुस्तक होते, समोर मुले होती आणि ती नोकरी होती. यांपैकी पुस्तक आज कोणत्याही ग्रंथालयात मिळते. (समाप्त)