झाडून काढलेले अरण्य

'सफर' हा शब्द आपल्याला परका नाही. मूळचा तो अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथेच रुळला. तोच शब्द अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला, तेव्हा स्वाहिली भाषेने त्याला 'सफारी' हे रूप दिले. तेथेही त्याचा अर्थ पुष्कळ काळ प्रवास एवढाच होता. डोक्यावर ओझी घेऊन दूरच्या मुलुखातून चालणारा हमालांचा तांडा म्हणजे सफारी. पुढे गोरे शिकारी आले, तांड्याच्या अग्रभागी बंदूक आली, आणि सफारी म्हणजे शिकार असे समीकरण होऊन बसले. आज बहुतेक प्रवाशांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा असतो. साधन बदलले, हे चांगलेच झाले. परंतु आपण ज्या भूमीतून ही सफर करतो ती अशी निर्मनुष्य कशी झाली, हा प्रश्न कॅमेरा विचारीत नाही. तो इतिहासालाच विचारावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचेच उदाहरण घेऊ. मोझांबिकच्या सरहद्दीला लागून दक्षिणोत्तर सुमारे ३५० किलोमीटर पसरलेले, क्षेत्रफळाने २०,००० चौरस किलोमीटरांच्या जवळ जाणारे हे रान. पहाटे फाटक उघडते आणि उघड्या मोटारी आत शिरतात. वाटाड्या आरंभीच बजावतो : जागेवरून उठू नका, हात बाहेर काढू नका. सिंहाच्या दृष्टीला मोटार आणि आतली माणसे मिळून एकच आकार असतो. त्यातून एखादा माणूस सुटा झाला की तो माणूस म्हणून ओळखू येतो. मग वाटाड्या रान वाचू लागतो. धुळीतले ठसे रात्रीचे की आताचे, हत्तीची लीद ओली की वाळलेली, इम्पाला हरणांच्या कळपातले सगळे कान एकाच दिशेला का वळले, गिधाडे घिरट्या घालताहेत की झाडावर बसून राहिली आहेत, हे सारे तो अक्षरासारखे वाचतो. प्रवाशाला केवळ गवत दिसते. त्याला गवतातला बिबळ्या दिसतो.

दुपारी मोटारी स्कुकुझा येथे विसाव्याला थांबतात. स्कुकुझा हे उद्यानाचे मुख्य ठाणे. येणारा प्रत्येक प्रवासी हे नाव उच्चारतो. पण ते एका माणसाचे टोपणनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रान्सवालमधली श्वापदे संपत आली होती. कातडी आणि हस्तिदंत यांच्या व्यापारासाठी गोऱ्या शिकाऱ्यांनी कळपच्या कळप मारले होते. त्यातच १८९६ साली गुरांच्या बुळकांडीची साथ दक्षिणेत उतरली. तिने शेतकऱ्यांच्या गोठ्यांबरोबर रानरेड्यांचे कळपही पार धुऊन नेले. अशा वेळी, १८९८ साली, बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधला प्रदेश राखीव म्हणून जाहीर केला. दुसऱ्याच वर्षी इंग्रज-बोअर युद्ध पेटले आणि हा जाहीरनामा कागदावरच राहिला. युद्ध संपल्यावर १९०२ साली इंग्रज सरकारने जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश घोडदळ अधिकाऱ्याला तेथे मुख्य रक्षक म्हणून धाडले.

हा गृहस्थ कर्तबगार होता, निःस्पृह होता आणि हट्टी होता. शिकाऱ्यांना, मग ते सरकारी अधिकारी का असेनात, त्याने खटल्यात ओढले. परंतु रान राखायचे म्हणजे ते रिकामे केले पाहिजे, हीही त्याची त्या वेळची पक्की समजूत. साबीच्या राखीव प्रदेशात वाड्या करून राहणाऱ्या दोन-तीन हजार आफ्रिकन लोकांना त्याने बाहेर घालविले. तेव्हा स्थानिक लोकांनी त्याला नाव दिले : स्कुकुझा. झाडून साफ करणारा! चोरटे शिकारी झाडून काढले म्हणून हे नाव पडले, असे सांगणारेही आहेत. सारे उलथेपालथे करणारा असाही त्याचा अर्थ लावतात. नावात गौरव होता की गाऱ्हाणे होते, याचा निवाडा ऐकणाऱ्याने करावा. १९३६ साली मात्र ते नाव ठाण्याला सन्मानाने देण्यात आले.

पुढे राखीव क्षेत्र उत्तरेकडे वाढले, तेव्हा तेथल्या वस्त्या त्याने राहू दिल्या. पण माणसांचे नाते बदलले. कालपर्यंत जे घरधनी होते ते सरकारचे कूळ झाले : खंड द्यावा, नाहीतर त्याबदली राबावे. घरच्या हंडीसाठी मारलेले हरिण आता चोरी ठरू लागले. दुसरीकडे, हरणे वाढावीत म्हणून खुद्द रक्षकच सिंहांना गोळ्या घालीत. ज्या सिंहासाठी आज प्रवासी दिवसभर डोळे ताणून बसतो तो त्या काळी उपद्रवी प्राण्यांत जमा होता. या सगळ्या रखवालीत माग काढणारे, पहारा करणारे शिपाई आफ्रिकनच होते. १९०३ साली हॅरी वोल्हुटर या रक्षकाने सिंहाच्या तावडीत सापडला असता चाकूने त्याला ठार केले. तो चाकू आणि सिंहाचे कातडे स्कुकुझाला आजही लोक कौतुकाने पाहतात. त्या जखमी वोल्हुटरला कित्येक मैल उचलून आगगाडीपर्यंत पोचविले ते त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी.

आगगाडीनेच पुढे रानाचे दैव पालटले. १९२३ साली रेल्वेने नऊ दिवसांची एक सहल काढली. ती मुळी निघाली होती डोंगर, बागा आणि शहरे दाखवायला. साबी पुलापाशी गाडी केवळ रात्रीपुरती थांबे. पण शेकोटी, अंधारातली डरकाळी आणि रक्षकासोबतची पायी फेरी यांचीच प्रवाशांना इतकी मोहिनी पडली की तो मुक्काम सहलीचा मुख्य भाग होऊन बसला. प्राणी मेल्यावाचूनही पैसा देतो, हे सरकारला उमगले. ३१ मे १९२६ रोजी कायदा झाला, राष्ट्रीय उद्यान जन्मले. १९२७ साली तीन मोटारी आत आल्या. दुसऱ्या वर्षी १८०.

'राष्ट्रीय' म्हणजे मात्र कोणाचे? मुक्कामाच्या सोयी गोऱ्यांसाठी होत्या. इतरांना वेगळी आणि हलकी जागा. भारताने तर १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार तोडला आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या पासपोर्टावर दक्षिण आफ्रिका वर्ज्य होती. उभय देशांचे संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली. मराठी प्रवाशाला ते फाटक उघडले ते त्यानंतरच.

झाडणे १९०३ सालीच संपले नाही. उद्यानाच्या अगदी उत्तर टोकाला, लुवुव्हू आणि लिम्पोपो या नद्यांच्या बेचक्यात, माकुलेके लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९६९ साली सरकारने त्यांना बंदुकीच्या धाकाने उठविले, स्वतःच्या झोपड्या स्वतःच्या हातांनी जाळायला लावल्या आणि त्यांची भूमी उद्यानाला जोडली. गंमत अशी, की त्याच भागात थुलामेला येथे जुन्या दगडी तटबंदीचे नगर पुढे उजेडात आले. तेथे सोने सापडले, तसेच हिंदी महासागरापलीकडून आलेले काचमणीही सापडले. मानवाचा स्पर्श न झालेले म्हणून दाखविले जाणारे हे रान शतकांपूर्वी समुद्रपार देवघेव करीत होते!

वर्णद्वेषी राजवट गेली. माकुलेकेंनी आपल्या जमिनीवर दावा लावला आणि १९९८ साली सुमारे २४,००० हेक्टर भूमी त्यांना परत मिळाली. त्यांनी ती नांगरली नाही, तिच्यावर गुरे सोडली नाहीत. श्वापदे जशी आहेत तशीच राहावीत, कारभार उद्यानाबरोबर मिळून चालावा आणि प्रवाशांपासून येणारे उत्पन्न गावाला मिळावे, असा करार त्यांनी केला. ज्यांना रानाचे वैरी मानून हाकलले होते त्यांनीच मालकी हाती येताच रान राखले.

स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९४६ पर्यंत त्या जागेवर होता. त्याच्या हट्टावाचून तेथे आज हत्ती दिसते की नाही, याची शंकाच आहे. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्राणी वाचवायला माणसे झाडून काढावी लागतात, हा जो सिद्धांत त्याच्या काळाने धरला, तो माकुलेकेंनी खोटा पाडला आहे. मोटारीच्या पुढच्या आसनावरून रान वाचणारा वाटाड्या पुष्कळदा याच पंचक्रोशीतला असतो. सिंह कोठे आहे हे तर त्याला विचारावेच. आणि 'येथे पूर्वी कोणते गाव होते?' हेही विचारावे.